एका दिवसाची जादा विश्रांती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फुटबॉलचा मोठा सामना हरला, की हरलेल्या संघाचा प्रशिक्षक पत्रकारांसमोर येऊन चार-पाच कारणे सांगतो. त्यांतले एक ठरलेले असते : आमच्या खेळाडूंना समोरच्या संघापेक्षा एक दिवस विश्रांती कमी मिळाली. रेफ्री, मैदान आणि हवा यांच्या जोडीला हे कारण हमखास येते. जिंकलेला प्रशिक्षक मात्र ‘आम्हाला एक दिवस जास्त मिळाला, म्हणून जिंकलो’ असे म्हणाल्याचे मी अजून ऐकलेले नाही. तेव्हा या तक्रारीत तथ्य किती, हे फुटबॉलच्या इतिहासात शिरून पाहावे, असे मला बरेच दिवस वाटत होते. कुणी म्हणेल, यात शोधायचे ते काय? दमलेल्यापेक्षा ताजातवाना माणूस जास्त धावणारच. आपला शेतकरीही पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतो आणि पोळ्याला त्याला जुंपत नाही. खरे आहे, पण म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल दुप्पट नांगरतो, असा दावा काही कोणी शेतकरी करीत नाही.

सुरुवात १९३४ सालापासून करू. विश्वचषक स्पर्धा त्या वर्षी इटलीत होती आणि मुसोलिनीच्या राजवटीला तो चषक घरातच राहायला हवा होता. ३१ मे रोजी फ्लॉरेन्सला इटली आणि स्पेन यांचा उपउपांत्य सामना झाला. स्पेनचा गोलरक्षक रिकार्डो झामोरा त्या दिवशी भिंतीसारखा उभा होता. नव्वद मिनिटे संपली, जादा वेळेची तीस मिनिटे संपली, तरी १-१ अशी बरोबरी. पेनल्टीने निकाल लावण्याची पद्धत तेव्हा नव्हती. सामना पुन्हा खेळायचा, एवढाच मार्ग. आणि तो पुन्हा कधी खेळायचा? तर दुसऱ्याच दिवशी! आदल्या दिवशी मारामारीच्या थराला गेलेल्या सामन्यात जायबंदी झालेले खेळाडू दोन्ही बाजूंना होते. झामोरा तर उभाच राहू शकला नाही. १ जूनला मेआझ्झाच्या गोलने इटली १-० अशी जिंकली आणि मधला एक दिवस सोडून ३ जूनला मिलानमध्ये ऑस्ट्रियाशी उपांत्य सामना खेळायला उतरली.

ऑस्ट्रियाचा तो संघ त्या काळातला युरोपातला सर्वांत देखणा संघ. मॅथिआस सिंडेलार हा त्यांचा आघाडीवीर अंगाने कागदासारखा पातळ, पण चेंडूवर विलक्षण हुकमत असलेला. ऑस्ट्रिया ३१ मेला नव्वद मिनिटांत हंगेरीला हरवून मोकळी झाली होती. म्हणजे तिला पुरते तीन दिवस मिळाले. इटलीने मात्र चार दिवसांत तिसरा सामना खेळायचा होता, एकूण तीनशे मिनिटांचा हिशेब. जादा विश्रांतीने सामने जिंकता येत असते, तर हा सामना ऑस्ट्रियाने खिशात घालायला हवा होता. जिंकली इटली, १-०. कारणे अनेक. सॅन सिरोच्या मैदानावर पावसाने चिखल झाला होता (कूपरेजवर पावसाळ्यात खेळलेल्यांना तो चिखल समजावून सांगायला नको) आणि ऑस्ट्रियाचा नाजूक, आखूड पासांचा खेळ त्यात रुतून बसला. लुइस मोंटीने सिंडेलारला हलू दिले नाही. रेफ्रींच्या निर्णयांवर तर आजही वाद घातला जातो. पुढे इटलीने रोममध्ये अंतिम सामनाही जिंकला.

चार वर्षांनी फ्रान्समधल्या स्पर्धेत हाच खेळ उलट्या बाजूने रंगला. या वेळी दमलेला संघ ब्राझीलचा होता आणि ताजा इटलीचा. ब्राझीलने १२ जून १९३८ रोजी बोर्डोला चेकोस्लोव्हाकियाशी जादा वेळेपर्यंत झुंजून बरोबरी केली आणि १४ तारखेला फेरसामना खेळला. त्या फेरसामन्यासाठी त्यांनी संघात नऊ बदल केले, नऊ! राहिले फक्त दोघे : गोलरक्षक वॉल्टर आणि आघाडीवीर लिओनिडास. मला हा निर्णय फार बोलका वाटतो. ज्यांना विश्रांती देणे परवडते, त्यांना दिली. ज्याच्यावाचून चालत नाही, त्याला पुन्हा जुंपले. लिओनिडासने दोन्ही सामन्यांत गोल केला आणि १६ तारखेला इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मात्र तो मैदानावर नव्हता. प्रशिक्षकाने अंतिम सामन्यासाठी त्याला राखून ठेवले, अशी दंतकथा अजून सांगितली जाते. दुखापतीची गोष्ट मला जास्त पटते. ब्राझील २-१ असे हरले. तीन दिवसांनी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात लिओनिडास परतला आणि त्याने स्वीडनवर दोन गोल चढवले. म्हणजे संघाला विश्रांती मिळाली की नाही, हा प्रश्नच थोडा फसवा आहे. संघ दमत नाही, माणसे दमतात. आणि बहुधा तीच माणसे दमतात, ज्यांच्यावर संघ उभा असतो.

आता थोडे इंग्लंडकडे वळू. व्यावसायिक फुटबॉलचे जुने घर तेच. तिथे शनिवारचा सामना हा गिरणीच्या भोंग्याइतका पक्का आणि नाताळात तर एका दिवसाआड सामने. नाताळच्या दिवशीही लीगचे सामने होत. ती प्रथा १९६५ मध्ये संपली. पण २६ डिसेंबरची, म्हणजे ‘बॉक्सिंग डे’ची परंपरा टिकून राहिली. १९६३ च्या बॉक्सिंग डेला पहिल्या श्रेणीच्या दहा सामन्यांत ६६ गोल झाले. फुलहॅमने इप्सविचला १०-१ असे धुतले. ब्लॅकबर्नने वेस्ट हॅमला त्यांच्याच मैदानावर ८-२ हरवले. बर्नलीने मँचेस्टर युनायटेडचा ६-१ असा फडशा पाडला. दोनच दिवसांनी, २८ डिसेंबरला, याच जोड्या परस्परांच्या मैदानावर पुन्हा भिडल्या. इप्सविच ४-२ विजयी, वेस्ट हॅम ३-१ विजयी आणि मँचेस्टर युनायटेड ५-१ विजयी! विश्रांती दोन्ही बाजूंना अगदी सारखी, माणसेही बरीचशी तीच, आणि निकाल असे उलटेपालटे. फुटबॉलमध्ये एकेका सामन्याच्या निकालावरून ‘हे विश्रांतीमुळे झाले’ असे म्हणणे किती धाडसाचे आहे, हे सांगायला मला यापेक्षा चांगला दाखला सापडलेला नाही.

पण इंग्लंडच्या वेळापत्रकाची दुसरीही एक कहाणी आहे, आणि ती गमतीची नाही.

युरोपियन कप ही क्लबांची स्पर्धा १९५५ मध्ये सुरू झाली, तेव्हा इंग्लिश लीगच्या धुरिणांना ती डोळ्यांसमोर नको होती. बुधवारी परदेशात खेळायचे आणि शनिवारी घरी लीगचा सामना खेळायचा, याने लीगचे वेळापत्रक विस्कटेल, असे त्यांचे म्हणणे. विजेत्या चेल्सीने त्यांचा सल्ला मानून पहिल्या वर्षी भाग घेतला नाही. मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक मॅट बस्बी यांनी पुढच्या वर्षी तो मानला नाही. तरुण खेळाडूंचा त्यांचा तो संघ, ‘बस्बीची पोरे’ म्हणून ओळखला जाणारा, युरोपभर गाजू लागला. मात्र एक अट डोक्यावर टांगलेली असे : परदेशात काहीही होवो, शनिवारी लीगच्या सामन्याला संघ हजर पाहिजे.

डिसेंबर १९५७ मध्ये युनायटेडचा संघ प्रागला दुक्ला संघाशी खेळून परतत होता. इंग्लंडवर धुके होते, विमान उतरू शकत नव्हते. संघ ॲमस्टरडॅमला गेला, तिथून बोटीने इंग्लंडचा किनारा गाठला आणि रडतखडत कसाबसा शनिवारी बर्मिंगहॅमच्या मैदानावर पोचला. सामना ३-३ असा सुटला. असा प्रवास पुन्हा नको, म्हणून क्लबने पुढच्या फेरीसाठी खास विमान भाड्याने घेतले. ५ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडला रेड स्टारशी ३-३ अशी बरोबरी साधून युनायटेडने उपांत्य फेरी गाठली. त्याच आठवड्यात शनिवारी, ८ तारखेला, लीगमध्ये आघाडीवर असलेल्या वुल्व्हरहॅम्प्टनशी गाठ होती. तो सामना जिंकला, तरच विजेतेपदाची आशा. ६ तारखेला इंधन भरायला विमान म्युनिकला उतरले. बाहेर बर्फ पडत होता. दोनदा उड्डाणाचा प्रयत्न फसला. प्रवाशांना उतरवून पुन्हा चढवण्यात आले. तिसऱ्या वेळी धावपट्टीवरच्या पाणचट बर्फात विमानाचा वेग पुरेसा वाढेना. ते कुंपण तोडून पलीकडच्या घरावर आदळले. विमानात ४४ माणसे होती, त्यांतली २३ गेली. आठ खेळाडू. त्यांतला डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस इस्पितळात झुंजून गेला. तो अवघा एकवीस वर्षांचा होता.

अपघात बर्फाने झाला, वेळापत्रकाने नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. वैमानिक जेम्स थेन यांच्यावर वर्षानुवर्षे ठपका ठेवला गेला आणि १९६९ मध्ये ब्रिटिश चौकशीत ते निर्दोष ठरले. पण ते विमान भाड्याने का घेतले आणि म्युनिकला मुक्काम न करता त्याच दुपारी निघायची निकड का होती, याचे उत्तर शोधताना शनिवारची ती तारीख टाळता येत नाही. त्या पोरांना एक दिवस जास्त मिळाला असता, तर ते वुल्व्हरहॅम्प्टनला हरवू शकले असते का, हा प्रश्न मला या ठिकाणी विचारावासाच वाटत नाही.

मूळ प्रश्नाकडे येतो. विश्वचषकाच्या दोन उपांत्य सामन्यांचे दिवस अनेकदा वेगळे असतात, त्यामुळे अंतिम फेरीतल्या एका संघाला आपोआप एक दिवस जास्त मिळतो. निसर्गानेच मांडलेला हा प्रयोग म्हणा ना! मी १९९० पासूनच्या तारखा एका कागदावर मांडून पाहिल्या. १९९४ मध्ये दोन्ही उपांत्य सामने एकाच दिवशी झाले, ते वर्ष सोडले. १९९० मध्ये एक दिवस जास्त मिळाला अर्जेंटिनाला, जिंकले पश्चिम जर्मनी. १९९८ मध्ये जास्त विश्रांती ब्राझीलला. पण अंतिम सामन्याच्या दिवशीच रोनाल्डोला झटका आला आणि फ्रान्सने ३-० असा धुव्वा उडवला. २००२ मध्ये जर्मनीला दिवस जास्त, चषक ब्राझीलला. २०१० मध्ये नेदरलँड्सला दिवस जास्त, चषक स्पेनला. आता दुसरी बाजू : २००६ मध्ये इटली, २०१४ मध्ये जर्मनी, २०१८ मध्ये फ्रान्स, २०२२ मध्ये अर्जेंटिना. या चौघांना एक दिवस जास्त मिळाला आणि चौघेही जिंकले. आठ स्पर्धांत चार विरुद्ध चार. नाणे उडवले असते, तरी एवढेच कळले असते! १९६६ चा वेम्बलीवरचा सामना जोडला, तर पारडे उलट्याच बाजूला झुकते. तेव्हाही पश्चिम जर्मनी एक दिवस आधी मोकळी झाली होती आणि जिंकले इंग्लंड.

या यादीत एक धागा मात्र दिसतो. २०१४ मध्ये अर्जेंटिना आणि २०१८ मध्ये क्रोएशिया हे दोन्ही संघ नुसते एक दिवस मागे नव्हते. ते उपांत्य सामना १२० मिनिटे खेळून आले होते. क्रोएशिया तर सलग तीन सामने जादा वेळेपर्यंत ओढून आली होती. १९८२ मध्येही असेच झाले. दोन्ही उपांत्य सामने ८ जुलैलाच होते. इटलीने संध्याकाळी पोलंडला नव्वद मिनिटांत २-० हरवले. पश्चिम जर्मनीने सेव्हिलच्या उकाड्यात रात्री फ्रान्सशी जादा वेळ आणि पेनल्टीपर्यंत झुंज दिली. तिसऱ्या दिवशी माद्रिदला अंतिम सामना. पूर्वार्ध गोलशून्य, उत्तरार्धात इटलीचे तीन गोल. तेव्हा दिवस मोजण्यापेक्षा पायांत किती उरले आहे, हे मोजलेले बरे, असे माझे मत आहे. (त्या संघाचा नायक पाओलो रॉसी तर दोन वर्षांची बंदी एप्रिलमध्ये संपल्यावर परतला होता. सहा गोल करून तो स्पर्धेत पहिला आला. जादा विश्रांतीच्या समर्थकांनी हा दाखला वापरायला हरकत नाही!)

माझा कागद आठ-नऊ सामन्यांचा. अभ्यासकांनी हे काम नीट केले आहे. इटलीतल्या कालाब्रिया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ विन्सेन्झो स्कोप्पा यांनी १९३० ते २०१० पर्यंतचे सर्व विश्वचषक आणि १९६० ते २०१२ पर्यंतच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा यांतला सामना न् सामना तपासला. कोणाला किती दिवस मिळाले आणि निकाल काय लागला, संघांच्या ताकदीचा फरक वजा करून. निष्कर्ष दोन. आजच्या स्पर्धांत विश्रांतीच्या दिवसांतल्या फरकाचा निकालावर सांगण्याजोगा परिणाम दिसत नाही. १९९० च्या आधी मात्र तो दिसत होता. त्यांचा अंदाज असा, की पूर्वीच्या खेळाडूंची शारीरिक तयारी कमी पडत असावी. मी त्यात बदली खेळाडूंची भर घालीन. विश्वचषकात बदली खेळाडू घ्यायची मुभाच मुळी १९७० पासून. त्याआधी अकरा जण उतरले, की लंगडत का होईना, शेवटपर्यंत तेच.

शरीरशास्त्र काय सांगते? एका सामन्यात खेळाडू साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो. पण दमवणूक त्या अंतराची नसते, मधल्या वेगवान धावा, एकदम थांबणे, वळणे आणि उड्या यांची असते. स्नायूंतला साखरेचा साठा भरून यायला आणि बारीक इजा सावरायला दोन ते तीन दिवस लागतात. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ अजून तालमींच्या नावाने खेळतात : पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. तिथल्या वस्तादाला यातले साखरेचे गणित सांगावे लागेल, बाकीचे नाही. गोम अशी, की तीन दिवसांनी अंग भरून आले, की चौथा आणि पाचवा दिवस त्यात फारशी भर घालीत नाही. म्हणून तीन विरुद्ध चार हा वाद पोकळ आहे आणि एक विरुद्ध तीन हा खरा आहे.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग खेळाडूंची ओरड कशासाठी? ती कळायला आणखी एक अभ्यास पाहावा लागतो. ग्रेगरी दुपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणाऱ्या एका संघाचे दोन हंगाम तपासून २०१० मध्ये आपली पाहणी प्रसिद्ध केली. आठवड्यात एक सामना असो वा दोन, खेळाडूंनी धावलेले अंतर आणि वेगवान धावा जवळपास सारख्याच. म्हणजे वरून पाहणाऱ्या प्रशिक्षकाला सगळे ठीक दिसणार. दुखापतींचा आकडा मात्र वेगळा होता : आठवड्याला एक सामना असताना हजार तासांमागे ४.१ आणि दोन असताना २५.६. सहापट! त्याआधी स्वीडनचे यान एकस्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी २००२ च्या विश्वचषकाला गेलेल्या युरोपीय क्लबांच्या खेळाडूंची पाहणी केली होती. स्पर्धेआधीच्या दहा आठवड्यांत ज्यांनी आठवड्याला एकाहून जास्त सामने खेळले होते, त्यांतले सुमारे ६० टक्के खेळाडू स्पर्धेत एकतर दुखावले किंवा आपल्या लौकिकाला उतरले नाहीत.

थकवा गुणतक्त्यात उमटत नाही, तो गुडघ्यात आणि मांडीत उमटतो, हे या आकड्यांवरून मी समजतो. संघ बदली माणूस उतरवून निभावून नेतो. श्रीमंत क्लबाकडे तर एकेका जागेला दोन-दोन माणसे असतात. २०२० पासून पाच बदली खेळाडूंची सोयही झाली. म्हणून विजयाची आकडेवारी शांत दिसते. लिओनिडासला पर्याय नव्हता, एवढाच फरक.

दरम्यान सामने वाढतच गेले. स्पेनचा पेद्री १८ वर्षांचा असताना २०२०-२१ च्या हंगामात युरो स्पर्धा आणि ऑलिंपिक धरून ७३ सामने खेळला आणि पुढच्या हंगामाचा मोठा भाग मांडीच्या दुखापतीने बाहेर बसला. २०२५ मध्ये क्लबांची विश्वचषक स्पर्धा ३२ संघांची झाली. २०२६ च्या विश्वचषकासाठी ४८ संघ आणि १०४ सामने ठरवले गेले. १७ सप्टेंबर २०२४ रोजी मँचेस्टर सिटीच्या रॉड्रीला विचारले गेले, की खेळाडू संपावर जातील का? आपण त्या वळणाच्या जवळ आलो आहोत, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. पाच दिवसांनी आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. एका दुखापतीवरून सिद्धांत मांडू नये, हे मी नाताळच्या दाखल्यानेच सांगितले आहे. तरी तो योगायोग फुटबॉलच्या जगाला चटका लावून गेला. पुढच्याच महिन्यात खेळाडूंच्या संघटनेची युरोपीय शाखा आणि युरोपातल्या लीग यांनी फिफाच्या वेळापत्रकाविरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार दाखल केली.

जुलै २०२५ मध्ये फिफाने न्यूयॉर्कला एक बैठक घेतली आणि दोन सामन्यांत किमान ७२ तासांचे अंतर आणि हंगामाअखेर किमान २१ दिवसांची सुट्टी हवी, यावर एकमत झाल्याचे जाहीर केले. ७२ तास म्हणजे तीन दिवस. १९३४ मध्ये ऑस्ट्रियाला मिळाले होते तेवढेच. शास्त्राच्या दृष्टीने आकडा योग्यच आहे. मात्र ज्या जागतिक संघटनेने हा विषय लावून धरला होता, त्या फिफप्रोला बैठकीचे निमंत्रण नव्हते.